आवाज क्रमांक दोन

"कोण बाई ही?" नरसम्माने पडद्यातला आवाज ऐकून विचारलं. "बरीच ढ दिसते."

समोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली मुलगी हसली नाही. तिचं नाव रुबिना मुजावर. पुण्याच्या मुक्त पाठ केंद्रात ती नोकरीला होती. सकाळच्या गाडीने सोलापूरला उतरून, बिडी कामगारांच्या घरकुलात पत्ता विचारत विचारत ती या दारापर्यंत आली होती. तिने मांडीवरच्या पाटीएवढ्या पडद्यावर बोट ठेवून आवाज थांबवला.

"आजी, परत लावते. नीट ऐका."

"आजी नको म्हणू. मावशी म्हण. गुडघे सोडले तर बाकी धड आहे मी."

पडद्यातून एक तरुण बाई म्हणाली, "आता 'क' दहा वेळा काढा." मग खडूची खरखर. मग जाड्या आवाजाची दुसरी बाई म्हणाली, "काढले."

"मोजा बघू."

"तेरा."

"मी दहा सांगितले होते."

"दहाच आहेत की. वरचे तीन छाटीचे."

नरसम्माचा उजवा हात मांडीवर होता. त्याचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासायला लागलं, पान गुंडाळताना घासतात तसं. तिने खाली बघितलं तेव्हा बोटं थांबली.

"ही मी आहे," ती म्हणाली.

"हो, मावशी."

"आणि शिकवणारी श्रीलता. माझी सून."

"हो."

"मला वाटलं होतं, हे काढून टाकलंय." नरसम्माच्या बोलण्यात राग नव्हता, नवलही नव्हतं. नळाला पाणी आलं नाही हे सांगावं, तसं तिने सांगितलं. मग उठून तिने चहाचं आधण ठेवलं.

रुबिनाने चहा पिता पिता सगळं उलगडून सांगितलं. श्रीलता पंधरा वर्षांपूर्वी सोलापुरात महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. मोठ्या माणसांना अक्षरं शिकवायचे पाठ तिने फोनवर रेकॉर्ड केले, इंटरनेटवर ठेवले आणि त्यांना खुला परवाना लावला. म्हणजे कोणीही घ्या, वापरा, आपल्या वर्गाला जमेल तसं बदला. अट एवढीच, की मूळ कोणाचं ते नाव द्या. असा परवाना एकदा दिला की परत घेता येत नाही. देणाऱ्याने पुढे आपल्याकडचं पुसून टाकलं तरी ज्यांनी उतरवून घेतलं त्यांच्याकडे ते राहतं, आणि त्यांच्याकडून पुढच्यांकडे जातं. अशा हजारो शिक्षकांच्या खुल्या पाठांवर केंद्राने एक यंत्र शिकवून तयार केलं होतं. त्याचं नाव 'सोबती'. राज्यातल्या बहुतेक शाळांत पहिलीच्या वर्गात आता तो असायचा. तो बोलायचा, ऐकायचा, मुलाने पाटीवर काय काढलं ते बघायचा.

"अडचण झाली ती नावाची," रुबिना म्हणाली. "नाव द्यायची अट आहे ना? पण यंत्रात सगळं एकत्र शिजतं. हजार बायकांनी मिळून एक आमटी केली तर मीठ कोणाचं, ते कसं सांगणार?"

"एकीचं काढून करायची परत. चव बघायची."

रुबिना कप हातात धरून थांबली. "तसंच केलं, मावशी. आमच्याकडे त्याला मागमूस म्हणतात. यंत्राचं एक उत्तर घ्यायचं. मग एका माणसाचे पाठ त्याने कधी ऐकलेच नसते तर हेच उत्तर कसं आलं असतं, त्याचा हिशोब करायचा. फरक जास्त पडला तर त्या माणसाचा माग जास्त. असा एकेकाचा माग काढला. आम्हाला वाटलं, पहिला नंबर कुठल्या तरी मोठ्या नावाच्या शिक्षकाचा येईल. नावच आलं नाही. नुसतं आलं, आवाज क्रमांक दोन."

"म्हणजे?"

"तुम्ही."

तिने कारणही सांगितलं. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं. 'क' कसा काढायचा हे हजार शिक्षकांनी सांगून झालं, की पुढचा शिक्षक यंत्राला नवं काही देत नाही. यंत्र शिकतं ते त्याचा अंदाज चुकतो तेव्हा. आणि बहुतेक पाठांत शिकणारा गप्प असतो, शिक्षक एकटाच बोलत राहतो. श्रीलताच्या पाठांत शिकणारी बाई बोलत होती, भांडत होती, चुकत होती, आणि चूक डोक्यात कुठून आली तेही सांगत होती. माणूस कसा चुकतो, हे सोबती तिच्याकडून शिकला होता. मूल चुकलं की वर्गात सोबती तिच्या आवाजात बोलायचा. मूल आणि ती मिळून चुकायचे आणि श्रीलताचा आवाज दोघांना सांभाळून घ्यायचा.

"परवाना श्रीलता मॅडमनी दिला," रुबिना म्हणाली. "पण तो त्यांच्यापुरता. तुमचा आवाज तुमचा. तुम्ही कधी हो म्हणाला नाहीत. आवाजाचा नवा कायदा आलाय, त्याच्यामुळं आम्हाला तुमच्याकडं येणं भाग होतं. तुम्ही हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत कळायला पाहिजे."

"नाही म्हटलं तर?"

"तर तुमचा आवाज यंत्रातून काढावा लागेल. ते विसरायला लावता येतं. पण नुसतं तेवढंच जात नाही."

"चादरीतला आडवा धागा ओढल्यासारखं," नरसम्मा म्हणाली. तिचा नवरा जन्मभर मागावर होता. "धागा एकच निघतो. फुलं सगळी जातात."

"हो."

"श्रीलताचा आवाज राहील?"

"राहील. पण ती बोलते तुमच्या चुकीवर. तुम्ही नसलात तर तिला बोलण्यासारखं फार काही उरत नाही."

रुबिना गेली. जाताना पडदा ठेवून गेली. नरसम्माने तो तांदळाच्या डब्यावर पालथा घातला आणि कप विसळले.

श्रीलता लग्न होऊन घरात आली तेव्हा घरात तेलुगू बोलायचे आणि कारखान्यात मराठी. नरसम्माला दोन्ही बोलता येई, लिहिता एकही येत नसे. बिड्या जमा करताना ती अंगठा द्यायची. सुनेला ते बघवेना. दुपारी शाळा सुटून आली की ती सासूसमोर बसायची. नरसम्माच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. एक बिडी वळायची, एक अक्षर काढायचं. फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवलेला असायचा. नरसम्माला वाटायचं, श्रीलता वेळ बघायला ठेवते.

दहा काढा म्हटलं की ती तेरा काढायची. कारण उघड होतं. हजार बिड्या द्यायच्या असल्या की कोणतीही शहाणी बाई थोड्या जादा वळते. कारखान्यात चेकर मूठभर उचलून छाटतो, त्या बाद. जादा नसल्या तर आपणच कमी पडतो. नरसम्माला अक्षरांचंही तसंच वाटलं. श्रीलता आधी हसली आणि दुसऱ्या दिवशी तिने शिकवायची पद्धतच बदलली. पाहिजेत त्यापेक्षा जादा काढायची, मग आपणच बघून वाईट ती खोडायची. दुसऱ्या कोणी खोडायची नाहीत. शिक्षकानेसुद्धा नाही. शाळेतल्या मुलांनाही ती तसंच शिकवायला लागली. चुकायची भीती गेली म्हणून मुलं भराभर लिहायला लागली. इतर शाळांचे शिक्षक विचारायला लागले तेव्हा तिने पाठ इंटरनेटवर ठेवले.

मग एक दिवस कारखान्याच्या रांगेत कोणीतरी फोनवर तो पाठ लावला. "काय गं नरसम्मा, दहा म्हणजे तेरा का?" सगळी रांग हसली. चेकरसुद्धा हसला. पुढे कितीतरी दिवस बायका तिला तेरा म्हणूनच हाक मारायच्या. तेरा आली का, तेराला पान दे.

घरी येऊन तिने श्रीलताला एवढंच सांगितलं, "मला त्याच्यातनं काढ."

दुसऱ्या दिवशी श्रीलता म्हणाली, "काढलं, अत्तम्मा." सासूला ती तेलुगूत अत्तम्मा म्हणायची.

तिने नाव काढलं होतं. आवाज तोपर्यंत कुठल्या कुठे गेला होता. नरसम्माने पाटी कपाटावर टाकली. जोडाक्षरं नुकती सुरू झाली होती, ती तशीच राहिली.

त्यानंतर अंबादासची किडनी गेली. अंबादास म्हणजे तिचा मुलगा, श्रीलताचा नवरा. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. श्रीलता शाळेत असायची, म्हणून दवाखान्यात नरसम्मा बसायची. समोर पाट्या होत्या. चप्पल बाहेर काढा. रक्त तपासणी. शांतता राखा. बसून बसून तिने त्या वाचल्या. कोणाला विचारलं नाही. चुकली तरी कोणाला कळलं नाही, कारण ती मनात चुकत होती. डोक्यावर एक पाटी होती, ती मात्र फार दिवस सुटली नाही. ती सुटली त्या दिवशी आत डॉक्टरांनी श्रीलताला बोलावून घेतलं होतं. प्रतीक्षा कक्ष. ती पाटी वाचून झाल्यावर तिथे बसायचं काही कारण राहिलं नव्हतं.

श्रीलता पुढे पुण्याला नोकरी घेऊन गेली. भांडण झालं नाही. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. दिवाळीला आणि संक्रांतीला फोन यायचा. तब्येत कशी आहे, बरी आहे. औषध घेता ना, घेते.

नरसम्माला आता सगळं वाचता येतं, हे जगात कोणालाच माहीत नव्हतं. ती वाण्याच्या पुडीचा कागद वाचायची, वाचून झाला की चुलीत घालायची.

घरकुलाच्या समोरच महापालिकेची शाळा होती. दोन दिवसांनी नरसम्मा तिथे गेली. परीक्षा संपल्या होत्या, पण पहिलीचा वर्ग भरलेला होता. वर्गावरचे कुडक्याल सर तिला ओळखत होते.

"काय अम्मा, नाव घालायला आलात का?"

"घेतोस का? डबा मिळतो म्हणे."

"बसा की. आमच्यात तुमच्यापेक्षा मोठे दोघंतिघं आहेत, तीन तीन वर्षं पहिलीतच बसलेत." मागची पोरं खिदळली.

सर आणि ती तिथली बोली बोलत होते, आणि भिंतीवरच्या सोबतीच्या डब्यातून श्रीलता बोलत होती. आवाज तोच, तिशीतला. मुलं पाट्या घेऊन बसली होती. एका मुलीने 'र' उलटा काढला आणि डब्यातून नरसम्माचा आवाज म्हणाला, "माझं पण तसंच झालंय बघ. कात्री उलटी धरली की पान असंच कापतं." मुलगी खूश झाली. तिने आणखी काढले आणि दोन स्वतःच खोडले.

नरसम्मा ऐकत राहिली. बाई बरी होती. कात्रीचं ती खरंच बोलली होती.

मग जोडाक्षरं आली. श्रीलताने काही विचारलं. नरसम्माचा आवाज लाडात आल्यासारखा हसला आणि म्हणाला, "अगं बाई, हे मला कुठलं यायला? तुम्हीच सांगा ना बाळांनो, मी आपली अडाणी."

मुलं एका सुरात ओरडून सांगायला लागली.

नरसम्मा उभी राहिली. "हे मी म्हटलं नाही."

"काय झालं, अम्मा?" सर म्हणाले.

"मला येत नाही असं मी कधी कोणाला म्हटलं नाही. अडाणी मला चेकर म्हणायचा, मी नाही म्हटलं. ही कोण बोललालीय?"

कुडक्याल सरांना थोडंफार माहीत होतं. मूळ रेकॉर्डिंग जोडाक्षरांपाशी संपतं, ते म्हणाले. पण अभ्यासक्रम तर पुढं आहे. मग आधीच्या चुकांवरून ही बाई पुढं कशी चुकली असती, त्याचा अंदाज यंत्राने बांधला. "मुलांना कळत नाही, अम्मा. आवाज सारखाच आहे."

"मला कळतं."

एक लहान मुलगी तिच्याकडे बघत होती. "आजी, तुम्हीच का त्या चुकणाऱ्या मावशी?"

"हो."

"तुम्हाला अजून येत नाही का?"

नरसम्माने फळ्याकडे बघितलं. वर सुविचार लिहिला होता, खाली पटसंख्या. तिने तो सगळा वाचून दाखवला, तारखेसकट. मुलगी विचारात पडली. "मग रोज परत का चुकता?"

नरसम्मा दाराकडे वळली. ती घरी आली. घरी येऊन तिने काही केलं नाही. भिंतीला टेकून बसली. अंगात काहीतरी व्हायला पाहिजे होतं, राग यायला पाहिजे होता, असं तिला वाटत होतं. पण बोटं तेवढी हलत होती.

शनिवारी श्रीलता आली. तिला रुबिनाने कळवलं होतं. कानाजवळचे केस पांढरे झाले होते, चष्मा लागला होता. डब्यातली श्रीलता आणि ही, दोघी एका घरातल्या मोठी आणि धाकटी बहीण वाटल्या असत्या.

"जेवलीस?" नरसम्माने विचारलं.

"गाडीत खाल्लं."

"गाडीतलं काय खाणं असतं. हात धू."

ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी. श्रीलता खाली मान घालून जेवली. ताट धुऊन ठेवलं आणि मग म्हणाली, "अत्तम्मा, तुम्ही नाही म्हणून टाका."

"का?"

"तुम्ही काढ म्हणाला होतात. माझ्याच्यानं निघालं नाही. आता काढता येतंय तर काढून टाकू."

"तुझं सगळं जाईल त्याच्याबरोबर."

"जाऊ दे. मी आता शिकवत नाही. ऑफिसात बसते, फायली बघते."

"शाळेत रोज बोलतेस की. कुडक्यालच्या वर्गात ऐकून आले मी. त्याची पोरं तुला बाई म्हणतात."

श्रीलताने चष्मा काढून पदराने पुसला. "मी तिथं नाही, अत्तम्मा. तुम्ही पण नाही. तेव्हा तुमचा मुलगा होता, ते घर होतं, बरणी होती. त्यांनी सगळं धुऊन पुसून आपल्या दोघींना तेवढं घेतलं."

"घर पण होतं त्याच्यात?"

"मूळ रेकॉर्डिंगमध्ये आहे. कापाकापी करायची कशी ते मला तेव्हा येत नव्हतं. जसं होतं तसंच वर टाकलं. बाहेरचं कुत्रं, भांडी, सगळं. यंत्राला शिकवताना त्यांनी ते गोंगाट म्हणून गाळलं." तिने चष्मा परत लावला. "शेवटच्या पाठात हे पण आहेत."

'हे' म्हणजे कोण, ते विचारायची गरज नव्हती.

"लाव," नरसम्मा म्हणाली.

श्रीलताने तांदळाच्या डब्यावरचा पडदा उचलला. मूळ पाठ शोधायला तिला वेळ लागला नाही. खुला परवाना होता, तो कोणालाही मिळत होता. पंधरा वर्षं तो तिथेच पडून होता आणि दोघींपैकी एकीनेही लावला नव्हता.

खडूची खरखर. श्रीलता 'स्त' समजावत होती. नरसम्मा म्हणत होती, अर्धा 'स' कशाला, पुरा घालायला काय तुझ्या बापाचं जातंय. बाहेर कुत्रं भुंकलं. मग दार वाजलं आणि पुरुषाचा आवाज आला, जरा लांबून, हसत.

"अम्मा, पुरे आता. तो 'स्त' उद्या पण तिथंच असतो. भूक लागली. वाढ की."

मग ताटाचा आवाज. श्रीलता हसली. नरसम्मा सूप बाजूला सारत म्हणाली, "आलेच." आणि रेकॉर्डिंग संपलं.

 कोणी रडलं नाही. खाली कोणाची तरी मोटरसायकल चालू होत नव्हती, तो किक मारत होता.

"त्या दिवशी जेवायला काय होतं?" नरसम्माने विचारलं.

"आठवत नाही."

"मला पण नाही."

मग श्रीलता म्हणाली, "पुढची अक्षरं राहिली ती राहिलीच."

"राहिली नाहीत. दवाखान्यात केली."

श्रीलताने वर बघितलं. नरसम्माने तिच्या पिशवीवरचं वाचून दाखवलं, कुठल्या तरी शिक्षक परिषदेचं लांबलचक नाव, जोडाक्षरांनी गच्च भरलेलं. एकदाही न अडखळता.

"कधी? मला का नाही सांगितलंत?"

"सांगायसारखं काही घडत नव्हतं तिथं."

 मग शिक्षिकेची जुनी सवय जागी झाली. "मग आपण ते रेकॉर्ड करू या का? ती खोटी बाई काढायला लावू आणि तुमच्या खऱ्या चुका घालू. दवाखान्यातल्या."

"आता कुठनं आणू? आता बरोबरच येतं. मुद्दाम चुकले तर मग तिच्यात आणि माझ्यात फरक काय?" नरसम्माने पडद्याकडे बोट दाखवलं. "हे परत लाव. शेवटचंच तेवढं."

रुबिना आली तेव्हा श्रीलता अजून तिथेच होती. रजा वाढवून घेतली होती. नरसम्माने आधी चहा दिला, मग आपलं म्हणणं सांगितलं. तिने ते मनात जुळवून ठेवलेलं होतं.

"माझ्या चुका आहेत त्या घ्या. ज्याला पाहिजे त्याने घ्या, हिने दिलं तसंच मी पण देते. पण ज्या मी केल्या नाहीत त्या माझ्या तोंडी नकोत. जोडाक्षरांपुढची ती बाई काढा."

"मावशी, मग तिथून पुढं मुलांच्या बरोबर कोण चुकणार?"

"मुलं चुकतील. कशाला येतात शाळेत?"

रुबिनाने श्रीलताकडे बघितलं. श्रीलता खिडकीबाहेर बघत होती, पण तिच्या गालावर हसू होतं. रुबिना म्हणाली, "ते जमेल. पुढचं यंत्रानेच जोडलेलं आहे, ते सोडवता येतं. मुळातलं काढण्याइतकं अवघड नाही."

"आणि माझा शेवटचा पाठ पुरा ठेवायचा. शेवटपर्यंत. काही गाळायचं नाही."

"त्यात तिसरा आवाज आहे."

"आहे."

"त्यांची परवानगी..." रुबिना थांबली. तिने माहिती वाचली होती. "त्यांच्या मागे तुम्ही दोघी आहात. दोघींनी हो म्हणावं लागेल."

"मी म्हणते," श्रीलता खिडकीतूनच म्हणाली.

"मावशी, एक सांगायचं राहिलं. खुला परवाना आहे. उद्या तुम्हाला नको वाटलं तरी परत घेता येणार नाही."

"आधी तरी कुठं आलं?"

रुबिनाने पडदा पुढे केला. "नाव काय लावू? द्यायचंच असं नाही. क्रमांक दोन पण ठेवता येतं. तुम्ही मागं काढायला लावलं होतं, म्हणून विचारते."

नरसम्माने पडद्यावर लिहायचं नाकारलं. तिने कागद मागितला. खाली बसली, मांडीवर ताट उपडं घेतलं, त्यावर कागद ठेवला आणि नाव लिहिलं. मग त्याखाली परत लिहिलं, मग परत. रुबिना म्हणायला गेली, की एकदाच पुरे आहे. श्रीलताने तिच्या हाताला हात लावून तिला गप्प बसवलं. नरसम्माने कागद लांब धरून बघितला, पेन घेतलं आणि एक सोडून बाकी सगळी नावं खोडली. राहिलेलं नाव सरळ नव्हतं. शेवटचा काना जरा पलीकडे झुकला होता.

"हे घे," ती म्हणाली. "बाकीची छाटीची."

जुलैच्या शेवटी रुबिनाचा फोन आला. श्रीलता रविवारची आली होती, ती भाजी निवडत होती. फोन तिने लोणच्याच्या बरणीला टेकवून मोठ्याने लावला.

"मावशी, एक तक्रार आलीय. एका शाळेतून नाही, बऱ्याच शाळांतून."

"काय केलं मी?"

"तुम्ही नाही. तो शेवटचा पाठ. ते म्हणतात ना, भूक लागली, वाढ की... तर ते ऐकलं की मुलं पाट्या ठेवून उठतात आणि डबे उघडून बसतात. सकाळचे नऊ असोत नाहीतर काहीही. शिक्षक म्हणतात, मोडता घातला तर ऐकत नाहीत, म्हणतात आता जेवायला बोलवलं. सगळं वेळापत्रक बिघडलंय. वरून विचारणा झालीय, तेवढं शेवटचं वाक्य कापता येईल का? तुम्ही हो म्हणालात तरच."

श्रीलताचे हात भाजीत थांबले. ती नरसम्माकडे बघत होती.

 नरसम्माची बोटं मांडीवर स्वस्थ होती. कुठल्या कुठल्या गावांत, तिने कधी न पाहिलेल्या वर्गांत, पोरं डब्याची झाकणं काढत होती.

"जेवू दे," ती म्हणाली, आणि भाकरीचं पीठ घ्यायला उठली.